बादशाह एक्सप्रेस

बादशाहवर अन्याय झाला तो गणपतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी, हैदराबादमधल्या तारनाक्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. सोसायटीने ठरवलं, हा रॉटवायलर पिसाळलाय, घालवा. पुरावा काय, तर झोकांड्या खात चालतो.

बादशाह रत्नमाला मावशींचा. मावशी मूळच्या नांदेडच्या, सिकंदराबाद स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून रिटायर झालेल्या. बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याचा हात आपोआप बॅगेकडे जायचा.

बादशाहला मेंदू आणि मज्जारज्जू झिजवणारा दुर्मीळ आजार होता. आईबापाकडून आलेला, औषध नसलेला. दुखत नाही, दुसऱ्याला लागण होत नाही. पाय कुठे पडताहेत ते कुत्र्याला कळत नाही, एवढंच. पुढचे पाय परेडसारखे उंच, मागचे भलत्याच गल्लीत. मावशी त्याच्या पोटाखालून जुनी साडी घालून मागचा भाग तोलून धरायच्या आणि खड्या आवाजात सुरू: "कृपया लक्ष द्या. लिफ्टकडून गेटकडे जाणारी बादशाह एक्सप्रेस नेहमीच्या उशिराने सुटत आहे." मग तेच तेलुगूत, तेच हिंदीत. पोरं सायकली बाजूला घ्यायची. बादशाह तोंडावर आपटायचा, शेपूट हलवत उठायचा. मावशी म्हणायच्या, "गाडी लेट आहे, रद्द नाही."

त्या रविवारी सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ये पिच्ची कुक्का है. निकालो इसकू."

"पिसाळलेलं कुत्रं आठ-दहा दिवसांत मरतं. हा उगादीपासून, आपल्या पाडव्यापासून, असाच चालतोय," मावशी म्हणाल्या. "और साहब, सनीचर की रात आप भी ऐसेच चलते. आपकू निकाले क्या हम?"

पार्किंग हसून लोळलं. सेक्रेटरींच्या बायकोचं हसू तर थांबेचना. तेवढ्यात मावशींनी साडीचं एक टोक सेक्रेटरींच्या हातात दिलं. "पकडो जी. सिग्नल मिळाला."

सेक्रेटरी गेटपर्यंत गेले. तिथे बादशाह त्यांच्या पायावर कोसळला आणि चप्पल चाटत बसला. ठराव तिथेच बुडाला. पुढच्या रविवारी हे गृहस्थ साडी धरायला स्वतःहून हजर, वर घोषणाही मावशींकडून शिकून आलेले.

थंडीत बादशाहला उठताच येईना. डॉक्टरांनी मावशींच्या मांडीवरच त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. "गाडी शेवटच्या स्टेशनात आली रे," मावशी हळू म्हणाल्या. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. पुढे त्या नांदेडला लेकीकडे गेल्या. साडी सेक्रेटरींकडे ठेवून गेल्या.

आता तुम्ही. तुमच्या सोसायटीत कुणाचं कुत्रं झोकांड्या खायला लागलं, तर ठराव मांडू नका. आधी डॉक्टरला विचारा. मग साडीचं दुसरं टोक धरा.