पहले बू, फिर रूबरू

नसीमआपा खोली बघायला आल्या, तेव्हा त्यांच्या ओढणीतून एक पांढरा उंदीर डोकं काढून माझ्याकडं बघत होता. शहागंजात धान्याच्या दुकानी मी जन्मभर पोती उचलली. उंदीर दिसला की हाणायचा, एवढंच शिकलेलो. हात आपसूक चपलेकडं गेला. आपा म्हणाल्या, "दादा, ये बेगम है. चावत नाय. तुमी चावता का?"

खोली देतो असं बोलून बसलो होतो, आणि दिलेला शब्द मी फिरवत नाही. माडीवर आपा, त्यांचं शिलाई मशीन आणि तीन उंदीरमाद्या राहायला आल्या. गल्ली हसली. मी म्हटलं, "भाडेकरू माझे हायेत, तुमच्या ताटात बसलेत का?"

एकदा आपांना दोन दिवस छावणीत बहिणीकडं जावं लागलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांनी मागवलेली दोन नवी पिल्लं येणार होती. तीही माद्याच. आपांनी बजावलं, "खालच्या खोलीत अलग ठेवा दादा, पंधरा दिवस. बीमारी असली तर कळती. पहले बू, फिर रूबरू." म्हणजे आधी वास, मग तोंडओळख.

मला कोणी शिकवलेलं खपत नाही. शिवाय पाव्हण्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणं आमच्या रक्तात नाही. पिल्लं आली तशी मी सरळ मोठ्या पिंजऱ्यात सोडली. पाहुणचार म्हणून मूठभर बाजरीही टाकली.

बेगमनं अंगावरचे केस फुलवले, आडवी आडवी चालत गेली, आणि एकदम किंकाळी! इतके उंदीर मारले, पण उंदीर असा ओरडतो हे मी कधी थांबून ऐकलंच नव्हतं. टॉवेल टाकून पिल्लू सोडवलं. पाठीतून रक्त येत होतं.

निरोप मिळताच आपा रिक्षानं आल्या. "कायकू डाले अंदर?"

"पाव्हणे होते."

"तुमच्या घरात कोणी अचानक दुसरी बायको आणून सोडली, तर पयली तिला बाजरी वाढंल का?"

त्यांनीच पिल्लाला डॉक्टरकडं नेलं. ते बरं होईतो दोघींना खाली ठेवलं. मग या पिंजऱ्यातल्या चिंध्या त्यात, त्यातल्या यात. नंतर मोरीत भेट, कारण मोरी कुणाचीच नव्हती. मी टॉवेल घेऊन पहाऱ्यावर. शेवटी मोठा पिंजरा घासून धुतला, आतली डबडी, टांगलेल्या कापडी झोळ्या इकडच्या तिकडं केल्या. "अब घर सबकू नया." त्या दुपारी पाचही जणी एका झोळीत झोपल्या.

या हिवाळ्यात आपा मशीनवर बसल्या बसल्या गेल्या. सुई कापडातच होती. बहीण म्हणाली, उंदरं मैदानात सोडा. मी म्हटलं, "नाय."

पण एकही जण माझ्या हातून खाईना. कोपऱ्यात दडायच्या. मग ध्यानात आलं. बहिणीकडून आपांची ओढणी मागून घेतली, माझी घामेजलेली बंडी तीत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली. पंधरा दिवस. एकही कमी नाही.

सोळाव्या दिवशी दार उघडून नुसता बसलो. बेगम बाहेर आली. पायाचा वास घेतला, गुडघ्याचा घेतला, हळूहळू खांद्यापर्यंत चढली. खालून कुणीतरी हाक मारली. मी ओ दिली नाही. इथं पाव्हणा मी होतो.