वांग्याच्या वाफ्यात झेंडू

वाळूजच्या कारखान्यात मशीनवर असतानाच मला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. शहरातल्या एका केंद्रात उपचार सुरू झाले. रबरी चेंडू दाबून मी कंटाळलो, तेव्हा तिथल्या तरुण थेरपिस्टनं मला मागच्या अंगणात नेलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. खुरप्यावर माझी बोटं दाबून धरत ती म्हणाली, "काका, वाकडं का होईना, तुमच्या हातानं लावा."

वाफ्यावर माझे जोडीदार होते मुकुंदवाडीचे एक म्हातारे शिंपी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कंपवातामुळं त्यांच्या हातातलं बी एकाच जागी सांडायचं, मग मी ते डाव्या हातानं पसरवायचो. ओळी इतक्या वाकड्या आल्या की आम्हालाच हसू यायचं. पण वांग्याला फुलं आली तोवर मी शर्टाची गुंडी स्वतः लावू लागलो होतो. ते बघून बायको आत जाऊन रडली.

मग केंद्राला देणगी देणारे पाहुणे यायचे ठरले. त्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर वाफ्यात वांगी नव्हती. सरळ ओळींत टपोरा झेंडू फुललेला. ताईनं नजर टाळून झारी माझ्या हातात दिली. फोटोपुरतंच आहे, म्हणाली.

पाहुण्यांना तिनं सांगितलं की ही बाग या पेशंटांनी आपल्या हातानं फुलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी वाकून एक रोप उपटलं. मुळाशी नर्सरीची काळी पिशवी तशीच होती.

"हे आमचं नाय," ते म्हणाले.

ताईनं हसत ते रोप त्यांच्या हातातून काढून घेतलं. "चाचांना आज जरा बरं नाही," ती पाहुण्यांना म्हणाली.

आमची झाडं कंपाउंडमागं सुकून पडली होती. त्यांना कोवळी वांगी लागलेली. चाचांनी ती रुमालात बांधून घेतली.

मी परत गेलो नाही. हात आखडेल, असं ताई फोनवर सांगायची आणि तसंच झालं. बायकोनं तेलाच्या डब्यांत माती भरून दिली, त्यात मी मेथी पेरतो. आता कुठं पेला धरता येतो.

चाचा मात्र तिथं जात राहिले. मध्यंतरी रस्त्यात भेटले.

"ताई तुमची लई आठवण काढती," ते म्हणाले.

मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं. ताईचं काहीच विचारलं नाही.