सासऱ्यांनी वाचलेली कादंबरी

पुस्तकाशी तोंडावर भांडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. आम्ही दोघंही मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. आमच्या घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि रेशनकार्ड. वडील मुंबईला हमाली करायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायची, आणि त्यातनं मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. हे मी कुणी न विचारताही सांगतो. मामांचं शिक्षण सातवी, पुढं जन्मभर शेरडं. पण वाचायचा नाद असा, की भेळ संपली तरी तिचा कागद वाचून झाल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि मजकूर मधेच फाटलेला निघाला तर भेळवाल्यालाच जाब विचारायचे.

सांगलीत घर बांधल्यावर मी शोकेससाठी काही जाड पुस्तकं घेतली. त्यात सातशे पानांची एक गाजलेली कादंबरी होती. तिच्यातला माणूस पहिल्या पानावर बहिणीच्या लग्नाला निघतो आणि दोनशेव्या पानावरही एसटी स्टँडवरच असतो. मधे एका चिंचेच्या झाडावर चाळीस पानं. मी चिंचेपाशीच थांबलो होतो, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. मामा आले, पुस्तक हातावर तोललं, म्हणाले, "पावणं, हे उन्हाळाभर पुरंल," आणि घेऊन गेले.

माळावर शेरडं चारता चारता ते मोठ्यानं वाचायचे आणि मधेच ओरडायचे, "आरं निघ की मर्दा, हळद लागली तिकडं!" शेरडं बिचकायची. शेजारच्या रानातला माणूस भांडणं लागली समजून एकदा काठी घेऊन पळत आला होता. कादंबरीतली शेळी विषारी कण्हेरीचा पाला खाते आणि दुसऱ्या दिवशी दूध देते, तिथं तर मामांनी निषेध म्हणून आठ दिवस पुस्तक उघडलं नाही. लेखक फार भरकटतो, असं मी ऐकीव मत ठोकलं, तर म्हणाले, "शेरडं सडकंनं सरळ चालली तर उपाशी मरतील की. चरत चरतच जायाचं असतंय."

पण गावात हे बोलायचं कुणाशी? सासूबाईंच्या मते पुस्तक उशाला बरं होतं. म्हणून मला फोन यायचा. "त्या चिंचंबद्दल तुमचं काय म्हननं हाय?" मी म्हणायचो, "मामा, मीटिंगमध्ये आहे." त्यातल्या निम्म्या वेळा मी घरी पंख्याखाली आडवा असायचो. शेवटी आमच्या वाचनालयात त्याच कादंबरीवर चर्चा ठेवल्याचं त्यांना कळलं. धुतलेला पटका बांधून पहिल्या गाडीनं आले. पिशवीत पुस्तक, पानापानांत खुणेला कडब्याची पाती. म्हणाले, "आज लय बोलायचं हाय."

चर्चेत एक निवृत्त बँकवाले म्हणाले, लेखकाला गोष्ट सुचेना म्हणून तो झाडाबद्दल लिहितो. एका बाईंनी कादंबरी तीनदा सुरू केली होती आणि तीनदा माहेरी विसरली होती. मग माझी पाळी आली. पदवीधरानं गप्प कसं बसायचं? मलपृष्ठ मला पाठ होतं, उरलेलं मी रचलं. ठणकावून सांगितलं, की शेवटी तो लग्नाला पोचतो आणि मांडव रिकामा असतो. तो रिकामा मांडव म्हणजेच आपला काळ! टाळ्या पडल्या. कुणीतरी मामांना विचारलं, "आजोबा, तुम्ही वाचलीय का?"

मामांनी पिशवी पायानं खुर्चीखाली सारली. "न्हाई बा. आमी अडाणी माणूस. जावईबापू सांगत्यात तसंच आसंल."

स्टँडवर मी हळूच विचारलं, "मामा, तो पोचतो ना?"

"न्हाई. फाट्यावर उतरतो आन् माघारी फिरतो. मांडव-बिंडव काय न्हाई त्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"आवं, चार माणसांत जावयाचा शब्द खोडायचा व्हय?"

चिडले असते तर बरं झालं असतं. उलट त्यांनी मला उसाचा रस पाजला.

त्यानंतर मी कादंबरी वाचायला घेतली. पाच महिने लागले. संपल्यावर गावी गेलो आणि अंगणात बसून म्हणालो, "मामा, तो माघारी फिरतो ते भित्रा आहे म्हणून."

"साफ चूक!" मामा कडाडले, आणि ताटातली भाकरी वाळेपर्यंत आम्ही भांडलो. निघताना मी म्हणालो, "पुढच्या चर्चेला या. हे सगळं तिथं सांगा."

"नगं पावणं," ते चष्मा पुसत म्हणाले, "तितं मी अडाणी हाय."

पुढच्या सभेला मी एकटा गेलो. उभा राहून सांगितलं, की मागच्या वेळी मी न वाचताच बोललो होतो, आणि ज्यांनी पान न् पान वाचलं होतं ते माझ्यापायी गप्प बसले. बँकवाल्यांनी चहा मागवला. मामांना मी हे कळवलेलं नाही. जावयाला चारचौघांत मान खाली घालावी लागली, म्हणून तेच ओशाळतील.