तिसऱ्या सालची गाडी

आक्कांवर लिहायचं मी आजवर टाळत आलो. पालीच्या बाजारात कुणी त्यांचं नाव काढलं की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो, नाहीतर अर्धा चहा तसाच ठेवून उठायचो. तिथले जुने बागाईतदार अजून म्हणतात, "आक्का तशा चांगल्या, पण शेवटी एजंटाकडून खाल्लं त्यांनी." तो एजंट मी. आक्कांनी माझ्या हातचं खाल्लं असेल तर एकदा आल्याची वडी. तीही "मेल्या, नुसती साखर हाय ही" म्हणून अर्धी परत केली होती. हे वाक्य मी लोकांसमोर कधीच म्हणालो नाही. आता म्हातारपणी आरशात तोंड बघतानाही किळस येते, म्हणून लिहायला बसलो आहे.

आक्कांची पहिली ओळख म्हणजे त्यांची "शी!" नवी गाडी आली की आमच्याकडे लोक हार घालतात, नारळ फोडतात. आक्का पदर खोचून गाडीभोवती एक फेरी मारायच्या, खाली वाकून मागच्या चाकाच्या आत डोकावायच्या आणि नाकातून, घशातून, थेट पोटातून आल्यासारखं म्हणायच्या, "शी!" नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या मालकाचा चेहरा पडायचा. कुणी म्हणालं, "आक्का, पुढून तरी बघा, काय तोंड आहे गाडीचं!" तर उत्तर ठरलेलं, "तोंड बघून काय करू? सोयरीक जुळवायची हाय काय?"

पाली सोडून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचं घर होतं. यजमान मुंबईला गोदीत, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. बाकी वर्षभर आक्का एकट्या. हापूसच्या बागा कराराने घ्यायच्या, पेट्या भरून घाटावर पाठवायच्या. आधी सगळा माल ट्रकने जायचा. ऐंशीच्या दशकात मधल्या आकाराच्या पिकअप गाड्या आल्या आणि बागाईतदारांना स्वतःची गाडी घ्यायची स्वप्नं पडू लागली. त्या गाड्यांची रत्नागिरीतली एजन्सी माझ्याकडे होती. दुकान मारुती मंदिराजवळ, वर रंगीत पाटी, आत टेबलावर काच. पण खरं दुकान चालायचं ते आक्कांच्या अंगणात.

त्याला कारण होतं. दरवर्षी कंपनी गाडीत काहीतरी बदलायची. कधी गिअर, कधी दार, कधी नुसता रंग. कुठल्या सालची गाडी घ्यावी हे विचारायला लोक माझ्याकडे येत आणि माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे विचारायला आक्कांकडे जात. हंगामाच्या सुरुवातीला त्या सालची पहिली गाडी मी त्यांच्या दारात उभी करायची. आक्का गाडीच्या मागच्या हौद्यात पेट्या भरत. चार पेट्यांवर कोळशाने खूण करत. एक केबिनच्या पाठीला, एक मधोमध, एक मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक्सलवर आणि एक शेवटच्या फळीला टेकून. गाडी आंबा घाट चढून परत उतरून यायची. मग त्या चार पेट्यांतली फळं आढीत वेगवेगळी लावली जायची. ती पिकेपर्यंत आक्का त्या गाडीबद्दल एक अक्षर बोलत नसत. मी घाई केली तर म्हणत, "मार आज लागतो, पण दिसतो पिकल्यावर. थांब जरा."

फळं पिकली की एक्सलवरच्या पेटीतला आंबा कापून त्या बाठीपर्यंत बघायच्या. आत काळं दिसलं की "शी!" नितळ निघाला तर त्याच पेटीतला पेंढा घेऊन चार पदरी वेणी वळायच्या आणि गाडीच्या मागच्या हुकाला बांधायच्या. म्हणजे त्या सालची गाडी पास. मग त्या सालची विकली गेलेली प्रत्येक गाडी मालक आधी आक्कांच्या दारात नेऊन वेणी बांधून घ्यायचा. रस्त्यात मागून येणाऱ्याने वेणी बघितली की तो दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात. आक्कांनी त्याबद्दल कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही. "माझा आंबा चेपत नाय, तेवढं पुरे," म्हणायच्या.

वेणी वळायला मी त्यांच्याकडेच शिकलो. फळं पिकायची वाट बघत बसायचं तर काय करणार? माझा चौथा पदर नेहमी डावीकडे सुटायचा. आक्का हसून हसून डोळे पुसायच्या. "अरे, तुझा चौथा पदर पळतो मेल्या! बोहल्यावरनं नवरी पळावी तसा."

पहिल्या सालच्या गाडीला त्यांनी शी केलं. दार खडखडतं, मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे लेचेपेचे, एक्सलवरच्या पेटीत निम्मे आंबे काळे. मी खट्टू होऊन म्हणालो, "आक्का, ड्रायव्हरने नाणीजच्या पुढे खड्ड्यात घातली होती गाडी." दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, एजंट आहे, बोलणारच. आक्कांनी ड्रायव्हरला बोलावून विचारलं. त्याने कबूल केल्यावर त्याला चार शिव्या दिल्या आणि दुसरा ड्रायव्हर देऊन नव्याने पेट्या भरल्या. पुन्हा घाट, पुन्हा आढी. पुन्हा काळेच आंबे निघाले. तेव्हा म्हणाल्या, "ड्रायव्हर गाढव हाय, पण गाडी पण गाढवच हाय." मला रागही आला नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं होतं.

दुसऱ्या सालच्या गाडीला कंपनीने मागे एक जादा पाटा घातला, दारं नीट बसवली. आक्कांनी आंबा कापला, फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "बरी हाय." याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. त्या साली माझी एजन्सी जिल्ह्यात पुढे गेली. मी दुकानात पंखा लावला. लोक मला साहेब म्हणू लागले आणि मला ते आवडू लागलं.

मग तिसरं साल आलं. गाडी दिसायला अशी की मीच तिच्यावरून हात फिरवत बसलो. लाल रंग, चकचकीत जाळी, आत मऊ सीट. कंपनीचा माणूस मुंबईहून आला होता. अंगाला अत्तराचा वास, बोलताना सारखा केसांवरून हात. आक्का खाली वाकल्या, मागच्या चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाल्या, "रंग चढवलान आणि पाटा काढलान." तो माणूस हसून म्हणाला, "बाई, आता गाडी मऊ चालते. इंजिनियर लोकांनी केलंय." आक्का त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "याला जरा वाऱ्याच्या त्या बाजूला उभा कर. आंब्याला वास लागेल."

घाट झाला, आढी झाली. एक्सलवरच्या पेटीतले आंबे वरून सोन्यासारखे होते आणि आत गटारासारखे. आक्कांनी फोड माझ्यासमोर धरली. "ही घे, हुंग. ही गाडी रिकामी ऱ्हायली तर चालेल. भरून घाटात नेलीन कुणी तर पाटा तुटणार." आणि मग ती शी. तशी शी मी आधी ऐकली नव्हती.

माझ्या शेडमध्ये त्या लाल गाड्या उभ्या होत्या. कंपनीच्या माणसाने निरोप ठेवला, या हंगामात गेल्या नाहीत तर एजन्सी दुसऱ्याला. त्याच सुमारास आक्कांच्या लग्न झालेल्या मुलीचं बाळंतपण अवघड गेलं आणि ऐन हंगामात पॅकिंग गड्यांवर टाकून त्यांना चिपळूणला जावं लागलं. जयगडच्या बाजूचा तुकाराम दुकानात आला. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला, भावकीचा सगळा आंबा त्याच्या भरवशावर. गाडी त्याला आवडली होती. तो एवढंच म्हणाला, "आक्का काय बोल्ल्या?"

मी म्हणालो, "संध्याकाळी ये."

शेडच्या मागे पेटीतला पेंढा पडलेला होता. मी वेणी वळली आणि लाल गाडीच्या हुकाला बांधली. तुकारामने आल्याआल्या पुढे न बघता मागे जाऊन हूक बघितला, वेणीला हात लावून कपाळाला लावला. त्याच्या गाडीमागून बाकीच्याही गेल्या. आक्का जाताना वेण्या वळून ठेवून गेल्यात असं सांगून प्रत्येकीला मी वेणी बांधली. हात बसला होता.

आक्का चिपळूणहून परतल्या त्याच दिवशी तुकाराम भावकीतल्या सगळ्यांना घेऊन आला. तुकारामच्या गाडीचा पाटा घाटाच्या ऐन चढावर तुटला होता, एक्सल सरकला होता, भावकीचा सगळा माल मे महिन्याच्या उन्हात तिथेच उकडून निघाला होता. एका ट्रकमध्ये घालून त्यांनी तो परत आणला आणि आक्कांच्या सारवलेल्या अंगणात ओतला. फुटलेल्या पेट्या, आंबलेला रस, वर माश्यांचं घोंगावणं. तो वास अजून मला जेवताना येतो. मला त्यांनी आधीच दुकानातून उचलून आणलं होतं, साक्षीला.

तुकारामने वेणी आक्कांच्या पायाशी टाकली. "ही बघा तुमची वेणी! किती खाल्लंत एजंटाकडून?"

आक्कांनी ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. चौथ्या पदरावर त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटाला लागलेला रस बघत होतो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "याच अंगणातली हाय ती. इथंच शिकलेली."

तुकारामने त्यातलं "व्हय" तेवढं ऐकलं. बाकीच्यांनीही तेवढंच ऐकलं. त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या. पुढचं वाक्य माझं होतं. मी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

एवढंच मी केलं. त्यावर आक्कांनी मला शी केलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. त्यांनी केलं नाही. खराटा घेतला आणि अंगण लोटायला लागल्या.

त्यानंतर त्यांच्या दारात कुणी गाडी नेली नाही. पालीतली माणसंही धन्य. कालपर्यंत ज्यांनी वेणी कपाळाला लावली तेच बाजारात आक्का दिसल्या की मुद्दाम थुंकायचे. करार करणारे बागवाले एकेक करून दुसरीकडे गेले. मी कुणाला काही सांगितलं नाही. उलट एकाने डोळा मारून विचारलं, "बरंच द्यावं लागलं असेल नाय आक्कांना?" तेव्हा मी हसलो. ते हसू या सगळ्यात घाणेरडं.

चौथ्या सालच्या गाडीला कंपनीने गुपचूप पाटा परत घातला. मी ती गाडी आक्कांच्या दारासमोर नेऊन उभी केली. त्या बाहेर आल्या, उभ्याउभ्याच मागच्या चाकाच्या आत नजर टाकली. त्यांना कळलं. पेट्या मागवल्या नाहीत, बरी म्हणाल्या नाहीत, शीही म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि दाराला कडी घातली. पुढे यजमान गेल्यावर घर विकून मुलीकडे चिपळूणला राहायला गेल्या.

फार वर्षांनी मी तिथे गेलो. एजन्सी तोवर बंद झाली होती. हापूसची एक पेटी घेऊन मी एसटीने निघालो आणि सगळ्या वाटेवर एकच वाक्य घोकत होतो. वाशिष्ठीच्या काठी मुलीचं घर. आक्का ओटीवर बसल्या होत्या, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं.

"कोण? एजंट काय रे?"

"होय आक्का."

"पेटी कशातनं आणलीस?"

"एसटीच्या टपावरून."

"शी!" म्हणाल्या आणि हसल्या. मग पेटी उघडून आंबे अंगठ्याने चाचपू लागल्या. "चेपले नायत. ड्रायव्हर बरा होता." पेटीतला पेंढा त्यांनी मुठीत धरला, सारखा केला आणि माझ्यापुढे केला. "वळ बघू."

मी वळली. वय झालं तरी बोटं विसरत नाहीत. आक्कांनी ती हातात घेतली, अंगठा हळूहळू फिरवला आणि चौथ्या पदराशी थांबवला. त्या थांबून राहिल्या, अंगणात थांबल्या होत्या तशाच. मुलगी चहा घेऊन आली. मी चहा प्यालो. मग म्हणालो, "आक्का, शेवटची गाडी चुकेल, निघतो."

"ही घेऊन जा," त्यांनी वेणी माझ्या हातात ठेवली. "तुझीच हाय."

चिपळूण स्टँडवर उसाच्या रसवंतीशेजारी चोथ्याचा ढीग होता, त्यावर माश्या बसल्या होत्या. मी ती वेणी तिथे टाकली आणि गाडीत बसलो. त्याच पावसाळ्यात आक्का गेल्याचं कळलं. मी गेलो नाही.

जाताना घोकलेलं ते वाक्य काही मोठं नव्हतं. आक्का, ती वेणी मी वळली होती, मला माफ करा.