मयताच्या घरी ‘येतो’ म्हणू नये

मी चेन्नईत लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला आहे. भित्र्या माणसाला हे काम फार शोभतं. बाकीचे मेकॅनिक दार लागलं की निघतात. मी दार लागलं का ते बघतो, जिन्याने खाली येतो आणि शंका येऊन पुन्हा वर जातो. आमचा सुपरवायझर म्हणतो, तुझ्या हातची लिफ्ट कधी पडणार नाही, पण तुझ्यामुळे कोणाला ती वेळेवर मिळणारही नाही.

त्या सकाळी मी अशाच एका लिफ्टच्या टपावर उभा होतो आणि बालाघाटहून मित्राचा फोन आला. हा माझा शाळेतला, एकाच बाकावरचा. आता ऑटो चालवतो. एरवी फोन उचलला की शिवीनेच सुरुवात करतो. त्या दिवशी त्याने विचारलं, "जेवला का?" तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला.

"सर वारले रे," तो म्हणाला. "अंगणात दाढी करून राह्यले होते. आरसा पडल्याचा आवाज झाला, काकू बाहेर आली, तं सगळं झालंच होतं."

मी विचारलं, "दाढी झाली होती का?"

अशा वेळी माणसं काय काय चांगलं बोलतात. मी हे विचारलं. त्याने खरंच आठवून बघितलं. मग म्हणाला, "एकच गाल झाला होता. दुसरा मंग न्हाव्याले बोलावून केला."

तेव्हा मला रडू आलं. पण टपावर रडू नये, तोल जातो. म्हणून मी आधी खाली उतरलो, दार लागलं का ते बघितलं, आणि मग रडलो.

नववीतून शाळा सोडलेल्या माणसाने कोणाला ‘माझे सर’ म्हणावं का, हा माझा जुना प्रश्न आहे. जे शिकून निघाले त्यांचे ते सर. जो मधूनच पळाला त्याचे कोण? गाव सोडल्यापासून हा प्रश्न मी सोबत घेऊन हिंडतो आहे, आणि सर होते तोवर त्याचं उत्तर त्यांच्याकडेच असायचं. आता विचारायचं कोणाला, हे गावच्या गाडीत बसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बालाघाट मध्य प्रदेशात, त्यामुळे आमची शाळा हिंदी. घरात मराठी, शाळेच्या फाटकापासून हिंदी. सर गणित शिकवायचे. फळ्यावर हिंदीत बोलायचे, "समझ में आया?" आणि माझ्याकडे बघून लगेच मराठीत यायचे, "नाही ना समजलं, गधड्या?" मराठी मी शाळेत शिकलोच नाही. ती त्यांच्या पडवीत शिकलो. त्यांच्याकडे नागपूरचा मराठी पेपर यायचा. काकू, म्हणजे सरांची बायको, तांदूळ निवडत बसायची आणि सर तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. संध्याकाळी मी गेलो की पेपर माझ्या हातात द्यायचे. जोडाक्षर आलं की पुलावर म्हैस अडते तसा मी अडायचो. सर एवढंच म्हणायचे, "पुन्हा." म्हैस मागे घ्यायची आणि पुन्हा पुलावर घालायची. हे जे मी लिहितो आहे ते त्या पडवीतलं आहे, त्यामुळे चुका माझ्या आणि बाकीचं त्यांचं.

सरांचा एकच हट्ट होता. कोणी वर्गाबाहेर निघालं आणि विचारलं, "सर, जाऊँ?" की ते चिडायचे. "जा म्हणायले मी काय तुले हाकलून राह्यलो? येतो म्हण." लघवीला जायचं असलं तरी तेच. एक पोरगा दारात दोन्ही पाय आवळून नाचत होता आणि सर शांतपणे म्हणत होते, "नीट म्हण." तो कसाबसा "येतो सर" म्हणाला आणि धावला. आला तेव्हा त्याला घाई उरलेली नव्हती, एवढंच सांगतो.

माझी शाळा सुटली ती गरिबीने वगैरे नाही. तसं सांगायला बरं वाटलं असतं. मला परीक्षेची भीती वाटायची. नववीच्या सहामाहीला गणिताच्या उत्तरपत्रिकेवर मी जे काही उतरवलं ते सकाळी खाल्लेले पोहे होते. वार्षिक परीक्षेला निघालो आणि शाळेपर्यंत पोचलोच नाही. वैनगंगेच्या पुलावर उभा राहून पाणी बघत बसलो, पेपर संपायच्या वेळी घरी आलो आणि आईला सांगितलं, बरा गेला. निकाल लागला तेव्हा मामा चेन्नईत लिफ्टच्या कामावर होता. तो म्हणाला, पाठवा इकडे.

निघायच्या आदल्या दिवशी सरांकडे गेलो. ते रागावतील म्हणून मी उत्तरं पाठ केली होती. परीक्षेसाठी एवढं पाठ केलं असतं तर ही वेळ आली नसती. सर अंगणात टमाट्याच्या झाडांना काड्या बांधत होते. त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजता हाय? आईनं खायले दिलं ना बांधून?" बस. एकही प्रश्न माझ्या तयारीतला नाही. मला जवळजवळ अपमान झाल्यासारखं वाटलं. मी रडक्या आवाजात म्हणालो, "जातो सर."

सरांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "फाटकाबाहेर जा. पुन्हा आत ये. अन् नीट सांग."

मी बाहेर गेलो, आत आलो, म्हणालो, "येतो सर."

"हौ, ये. अन् फाटक लावजो, बकऱ्या शिरते."

त्यानंतर सुट्टीवर आलो की सामान घरी टाकून आधी तिथेच. सरांकडे शिकलेले बरेच मोठे झाले होते. कोणी इंजिनियर, कोणी तहसीलमध्ये साहेब. ते भेटायला आलेले असले की मी कोपऱ्यात बूड टेकवायचो. सर मुद्दाम माझी ओळख करून द्यायचे. "हा माहा विद्यार्थी. तुम्ही सगळे पास होऊन निघून गेले. हा अजून शिकून राह्यला." सगळे हसायचे. मी सगळ्यांपेक्षा जोरात हसायचो आणि रात्रभर विचार करायचो की ही स्तुती होती का.

तर आता त्या घरी जायचं होतं. आईने फोनवरच शिकवणी घेतली. "रिकाम्या हातानं जा. चहा देतील तं नाही म्हणू नोको, अन् दुसरा मागू नोको. आपल्या लिफ्टीच्या गोष्टी सांगत बसू नोको. अन् निघताना ‘येतो’ म्हणू नोको. ध्यानात ठेव. हात जोड अन् गुपचाप उठ."

आमच्याकडे मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. असल्या कारणाने त्या घरी पुन्हा यायची पाळी येऊ नये म्हणून. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. पण ज्या फाटकातून मी आयुष्यभर ‘येतो’ म्हणूनच बाहेर पडलो, तिथेच ते म्हणायचं नव्हतं. गोंदियापर्यंतच्या गाडीत मी सराव केला. बर्थवर बसायचं, हात जोडायचे, तोंड बंद ठेवून उठायचं. समोर एक तेलुगू बाई होत्या. त्यांना वाटलं मी नमस्कार करतो आहे. त्यांनी नमस्कार केला. मी पुन्हा सराव केला, त्यांनी पुन्हा केला. शेवटी त्यांनी डब्यातली एक इडली काढून माझ्या हातावर ठेवली. मी उपाशी आहे आणि मागायला लाजतो आहे, असा त्यांनी अर्थ लावला असावा. मी खाल्ली. चांगली होती.

बालाघाट स्टेशनवर मित्र ऑटो घेऊन उभा होता. रस्त्यात त्यानेही शिकवलं. "तू पहिले रडू नोको बे. तू रडला का तुले उचकी लागते, अन् लोक हासते." मग जरा थांबून म्हणाला, "शाळेच्या जुन्या पोरांचा ग्रुप हाय व्हॉट्सॲपवर. सरांची शोकसभा ठेवून राह्यले शाळेत."

"मला नाही टाकलं त्यात?"

"दहावी पासवाल्यांचा हाय तो. बॅचनं बॅचनं."

"तू आहेस?"

"म्या सप्लीमेंट्रीत काढली ना दहावी," तो ऐटीत म्हणाला आणि त्याने विनाकारण हॉर्न वाजवला.

सरांच्या अंगणात भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टमाट्याच्या झाडांना काड्या तशाच बांधलेल्या. काकू पडवीत भिंतीला टेकून बसली होती, तिच्या बाजूला सरांची म्हातारी आत्या. मी हात जोडून बसलो. शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब होते. सरांकडे आलेले असताना यांना मी आधी पाहिलं होतं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. शोकसभेत प्रत्येक बॅचमधून एकाने बोलायचं असं ते ठरवत होते.

"आप किस बैच के?" त्यांनी मला विचारलं.

"नौवीं तक था."

"नहीं, मतलब पासआउट कब के?"

मी टमाट्यांकडे बघितलं. साहेब भले होते, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हळूच खुर्ची वळवून पलीकडच्याशी बोलू लागले. मला शोकसभेत बोलायचं नव्हतंच. माइक बघितला की माझी सहामाही सुरू होते. पण नको म्हणायची संधी तरी द्यायला हवी होती. सर असते तर म्हणाले असते, हा अजून शिकून राह्यला. आता ते म्हणणारं कोणी नव्हतं, आणि मी स्वतःबद्दल ते म्हणालो असतो तर त्या साहेबांनी मला अजून एक इडली दिली असती.

चहा आला. घाबरून मी तो गरमच प्यायलो आणि टाळू भाजून घेतली. काकूने पडवीतून विचारलं, "केव्हा आला?" मी म्हणालो, "आत्ताच." एवढ्यावर थांबायचं होतं. पण पुढे शांतता झाली आणि शांततेत माझं तोंड आपोआप चालतं. मी काकूला सांगू लागलो की चेन्नईत एका इमारतीत लाइट गेली की लिफ्ट मजल्यांच्या मध्येच अडकते, आत माणसं असतात, ती ओरडतात, पण खरं म्हणजे आत हवा पुष्कळ असते. मयताच्या घरी मी हवेबद्दल बोलत होतो. मित्र फाटकाशी कपाळाला हात लावून उभा होता.

मग मी उठलो. हात जोडले. तोंड घट्ट मिटलं. काकूकडे बघून मान लववली, आत्याकडे लववली, अंगण ओलांडलं. एक शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका परीक्षेत मी सगळं ठरल्याप्रमाणे करत होतो. त्या फाटकाची कडी जरा उचलून सरकवावी लागते. मी ती उचलली, सवयीने मान मागे वळली आणि मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "येतो सर."

खुर्च्यांवरचं बोलणं थांबलं. साहेबांनी आता मला नीट पाहिलं. आत्या म्हणाली, "अरे देवा! काय म्हणून राह्यला हा पोरगा?" मला कडी लावताही येईना आणि उघडताही येईना.

पडवीतून काकूचा आवाज आला. रडून बसलेला, पण रोजचाच. "हौ, ये. अन् फाटक लावजो, बकऱ्या शिरते."

मी फाटक लावलं. ऑटोत बसल्यावर मला उचकी लागली ती घरी पोचेपर्यंत. मित्र हसला नाही.

आई दारातच होती. "म्हटलं तं नाही ना?"

"म्हटलं."

"मले माहीतच होतं!" तिने कपाळ बडवलं. मग विचारलं, "मंग ती काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

आईचा धर्म व्यवहाराचा आहे. "मंग जा उद्या," ती म्हणाली. "म्हटलं हाय अन् ती ये म्हणाली हाय, तं जावंच लागते."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या होत्या, अंगणात कोणी नव्हतं. काकू सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती. मला बघून तिला काहीच नवल वाटलं नाही. बाजूला पेपर पडले होते, घडीच्या घडी, कोणी उघडलेले नाहीत.

"हे वाचून दाखवत होते ना रोज," ती म्हणाली. "पेपरवाल्याले बंद कर म्हणाचं राहूनच गेलं. वाच."

मी सगळ्यात वरचा पेपर उघडला. धान खरेदीची बातमी होती. सूप हलल्याचा आवाज यायला लागला. दुसऱ्याच ओळीत जोडाक्षरांनी भरलेला एक लांबलचक सरकारी शब्द आला आणि मी अडलो.

काकूने सुपातून मान वर केली नाही. "पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठलो, हात जोडले आणि तोंड मिटून उभा राहिलो. आता काय म्हणायचं ते मला खरंच कळेना.

"काहून?" काकू म्हणाली. "आज नाही म्हणत?"

"येतो काकू."

"हौ. फाटक लावजो."

फाटक लावून मी ऑटोपर्यंत गेलो. मग शंका आली म्हणून परत येऊन बघितलं. लागलेलं होतं.