बिनधक्क्याची जीप

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या पुरुषांच्या तब्येती ठणठणीत होत्या आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या जुन्या डिझेल जीपला जातं. सकाळी मामा, म्हणजे माझे सासरे, अंगणातून आवाज द्यायचे, "या रं, लावा हात!" की शेजारपाजारची मंडळी दात घासता घासता यायची आणि जीप ढकलत पारापर्यंत न्यायची. तिथे ती खोकायची, पांढरा धूर सोडून अख्खा पार गायब करायची आणि चालू व्हायची. एकदा चालू झाली की मग दिवसभर किल्ली फिरवायचा अवकाश, हजर! नखरे फक्त सकाळच्या थंडीतले.

मामांना यात काही वावगं वाटत नव्हतं. लाज वाटायची ती माझ्या दिरांना. त्यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं. सासरकडची देवदर्शनं उरकली होती, आता नव्या जोडप्याला आमच्या कुलदेवीला, माहूरला न्यायचं होतं. मामांची इच्छा एकच, नातजावई आपल्या जीपमधून जावा आणि जीप आपण चालवावी.

"अन् मुखेडच्या बाजारात बंद पडली तर जावयाला खाली उतरवून ढकलायला लावता का?" दीर कडाडले. "उद्या सकाळी धक्क्याबिगर चालू झाली तर जीपनं जाऊ. न्हाई झाली तर भाड्याची गाडी सांगून ठेवलीय. आल्यावर ही मोडीत!"

मामा ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. एरवी भाकरी टाकणाऱ्याला ते उभं करून सुनावायचे.

आता माझी ओळख सांगते. माझं माहेर लातूरचं, वडिलांचं गॅरेज. माझं बालपण ऑईलच्या डब्यांवर बसून गेलं. सासरी आल्यावर हे ज्ञान मी माहेरच्या पैठणीसारखं जपून ठेवलं होतं. योग्य वेळी नेसायचं!

ती दुपार म्हणजे योग्य वेळ. दीर भाड्याच्या गाडीवाल्याला भेटायला गेले आणि मी बॉनेट उघडलं.

"काय करून राहिलीस, पोरी?" मामा मागे येऊन उभे. "मिस्त्री म्हणला, इंजिनच म्हातारं झालं. दम न्हाई राहिला."

"दम नसता तर मामा, दुपारी तरी कशी चालू झाली असती?" मी पदर खोचला. "स्टार्टर जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी चांगली. पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येतो, म्हणजे डिझेलही पोचतंय. पोचतंय, पण पेटत नाही. थंड इंजिनाला आधी आतून ऊब लागते. ती ऊब द्यायची कुणी?"

"हीटर प्लगनं. ते तर दसऱ्याआधी नवे टाकलेत. मिस्त्रीनं करंट बी तपासला."

हे मात्र खरं होतं. मी दोन वायरींचा छोटा बल्ब घेतला, एक वायर इंजिनाच्या लोखंडाला धरली, मामांना किल्ली अर्धी फिरवायला सांगितली आणि दुसरी वायर प्लगांवरून गेलेल्या पितळी पट्टीला लावली. बल्ब लख्ख! मिस्त्री इथेच थांबला असणार. मी थांबले नाही. केसातला आकडा काढून पहिल्या प्लगचं टोक खरवडलं आणि वायर तिथे टेकवली. अंधार! दुसरा, अंधार! तिसरा, चौथा, सगळीकडे अमावस्या! करंट पट्टीपर्यंत यायचा आणि दारातूनच परत जायचा.

पान्यानं नट सोडवले, पट्टी उचलली आणि आम्ही सासरा-सून दोघंही बघतच राहिलो. चारही प्लगांच्या माथ्यावर तेलात कालवलेला शेंदूर, वाळून रंगासारखा कडक झालेला!

"हे कुणाचं काम?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. मामा टोपी सारखी करत होते.

"खंडेनवमीला इंजिन पुसाया पट्टी काढली व्हती," ते पुटपुटले. "खाली हे चार माथे दिसले. गोल, छोटे. मला त्यात माहूरच्या देवीचं शेंदरी मुख, तिचा तांदळाच दिसला, बाई. हात आपोआप शेंदराकडं गेला."

मला हसू आवरेना. मी पॉलिश पेपर उचलला, तशी त्यांनी माझा हात धरला.

"देवीला निघताना देवीचा शेंदूर खरवडायचा?"

आता हसू पळालं. जीप वाचवायची तर शेंदूर काढायला हवा आणि त्यांचा हात काही सुटेना. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मामा, माहूरला देवीच्या अंगावरचं जुनं शेंदराचं कवच कधी उतरवतात का नाही?"

"उतरवतात की. नवं चढवाया."

"मग तुम्हीच उतरवा."

ते आत गेले, हातपाय धुऊन आले. मग एकेका माथ्याला नमस्कार करत त्यांनी इतक्या हळुवारपणे शेंदूर काढला की न्हाव्यानंही इतकी काळजी घेऊ नये. सगळी भुकटी कागदात घेऊन तुळशीत टाकली. आम्ही प्लग आणि पट्टी चकाकेपर्यंत घासली, नट आवळले.

सकाळी दीर बाह्या सरसावून जीपच्या मागे उभे, जोडीला गल्लीतली फौज. जावई बिचारा नव्या कपड्यांत एका बाजूला. मामांनी किल्ली अर्धी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला. ते थांबले. दिवा विझला, किल्ली पुढे गेली आणि जीप एका दमात गुरगुरली!

दीर वाकलेलेच.

"हात काढ रं," मामा खिडकीतून म्हणाले, "का माहूरपर्यंत ढकलतोस?"

गल्ली खदखदली. दिरांनी भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावला आणि मागच्या सीटवर येऊन बसले. मोडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

वाटेत मात्र कमाल झाली. नरसीला चहाला थांबलो, मामांनी गाडी बंद केली. निघताना जावयाला शेजारी बसवून म्हणाले, "बघा हां, पाव्हणं." किल्ली फिरवली, चालू! भोकरला पुन्हा तेच. किनवटच्या अलीकडे तर कुणाला काही नको असताना थांबले. "बघा हां!"

तापलेल्या इंजिनाला हीटरची गरजच नसते, ते तसंही चालू झालं असतं. हे मला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. आम्ही आरशातून एकमेकांकडे बघितलं आणि जावई म्हणाला, "वा, आबा! पुन्हा एकदा करा की."