डोळे सखाच आखेल

सरूकाकीच्या कारखान्यात मी पीतांबरं रंगवते. पेणजवळच्या आमच्या हमरापुरात कारखाना म्हटला की गणपतीचाच, वेगळं सांगायला नको. मी नूतन, तोंडाची फटकळ. काकी माझ्याहून फटकळ, म्हणून आमचं जमतं. तिचा नवरा केरूकाका नावाला मालक. खरा कारभार काकीचाच.

काकीचा एक कायदा होता. आजारी माणूस कारखान्यात नको. जरा कुणी कण्हला की, "पिशवी भर आणि घर गाठ." मग त्याच्या जागी दुसरा. काकीला वाटायचं, केवढी आपली शिस्त.

आमचा कारखाना हायवेच्या रांगेत. कारागीर बाहेरगावचे, सीझनभर पत्र्याच्या शेडमध्येच मूर्तींच्या बाजूला झोपायचे. बायकापोरं गावाला. काम सुटलं की समोर रस्ता, आणि रस्त्याला बार नाहीतर लॉज. दुसरीकडे जाणार कुठं बिचारे?

एकदा पेणच्या सरकारी दवाखान्यातून हेमांगी सिस्टर आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "सरूताई, आतल्या अख्ख्या गावातून गुप्तरोगाचे जेवढे पेशंट येतात, त्याहून जास्त या एका रांगेतून येतात."

काकीचा पारा चढला. "म्हणजे आमची माणसं घाणेरडी?"

"माणसं इथली-तिथली सारखीच हो. पण गावातल्यांना घर आहे, बायको आहे, कुठं होतास म्हणून विचारणारं कुणी आहे. इथं काय आहे? आणि झालंच काही, तर काम जाईल म्हणून लपवतात. लपवलं की आजार आणखी कुणाला जातो, घरी बायकोला जातो. वेळेवर आले तर बहुतेक बरे होतात."

काकीनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

सिस्टर गेल्या आणि सखा उठला. सखा रोह्याकडच्या निडीचा, आमच्याकडे डोळ्यांची आखणी तोच करतो. मूर्ती कितीही सुबक असू दे, डोळे चुकले की सगळं पाण्यात. सखानं आखलेला गणपती मात्र तुम्ही जाल तिकडे तुमच्याकडे बघतो.

"काकी," तो म्हणाला, "मला हाय तो आजार. गुपचूप मलम लावतोय. पिशवी भरू का?"

मुकुट रंगवणारा सुशील लगेच उठून लांब बसला. "असल्या हातानं देवाचे डोळे? मला नाय पटत."

केरूकाका तर घामाघूम. "बाहेर कळलं तर एक मूर्ती कोण उचलणार नाय. सरू, पाठव त्याला."

मला सखाचं फार वाईट वाटलं. काम गेलं तर गेलं, पण एकदा नाव खराब झालं की या धंद्यात परत उभं कोण करतंय?

काकी म्हणाली, "पिशवी कशाला? आधी पेणला जा." आणि ज्यानं पाठव म्हटलं होतं, त्याच केरूकाकाच्या गाडीवर सखाला बसवून दिलं. दवाखान्यात रक्त तपासलं, सुई दिली, बायकोलाही तपासणीला आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सखा जागेवर येऊन बसला, पण त्याच्यापुढे मूर्ती ठेवायला कोणी तयार नाय. मी उठणार, तेवढ्यात काकी घरात गेली. यंदा तिच्या देव्हाऱ्यापुढे बसवायचा, डोळे आखायचे राहिलेला गणपती उचलून आणला आणि सखापुढे ठेवला.

"हा माझ्या घरचा. डोळे सखाच आखेल. आजार त्याच्या रक्तात हाय, ब्रशात नाय."

सखानं ब्रश उचलला. डोळे आखून झाले तेव्हा केरूकाकानं सवयीनं हात जोडले. सुशीलही मान खाली घालून मुकुट रंगवायला लागला.

बायकोला सांगायचं काम मात्र काकीनं केलं नाय. "ते तुझं तू निस्तर." प्रणिता आली, तिनंही सुई घेतली, आणि कितीतरी दिवस सखाशी बोलली नाय. मी तर म्हणते बरोबर केलं. पण ती राहिली, कारण राहायला जागा झाली होती. काकीनं गोदाम रिकामं करून त्यात खोल्या काढल्या. ज्याला बायको आणायची त्यानं आणावी. एकटे असतील ते रात्री काकीकडे जेवतात, जेवून अंगणात कॅरम खेळत भांडतात. आजारी माणसाला आता सुट्टी मिळते, जागा जात नाय.

पहिल्या वर्षी सिस्टर म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडचे पेशंट वाढले." काकी अशी चिडली की विचारू नका. "एवढं करून?"

"अहो, लपलेले बाहेर आले."

पुढच्या वर्षी मात्र खरंच कमी झाले. त्या दिवशी काकीनं सिस्टरांना जेवल्याशिवाय सोडलं नाय.

आता या सीझनची गोष्ट. मी पिवळा रंग कालवत होते. सुशील काकीपाशी येऊन नुसताच उभा.

"काय रे?"

"काकी, मला पेणला जायचं हाय."

"कशाला?"

सुशील जमिनीकडे बघत राहिला. काकीनं परत विचारलं नाय.

सखानं सगळं ऐकलं होतं. अर्धा आखलेला डोळा पुरा केला, ब्रश धुतला आणि गाडीची चावी घेतली.

"चल," तो सुशीलला म्हणाला. "कुठं जायचं ते मला ठाऊक हाय."

"येताना वांगी आणा रे," काकी म्हणाली.